पोरं दर्यावर जातील म्हणून

मालवणजवळच्या आमच्या गावात मध्यंतरी शाळेतल्या पालकांची सभा झाली. पाचवीपासून मुलांना पोहायला शिकवायचं का, एवढाच विषय. अर्धी सभा नको म्हणाली. का नको, ते वहिनीने फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. म्हणे, पोहता यायला लागलं की पोरं दर्यावर जातील.

दर्यावर जातील! ज्यांना मागल्या दारी उभं राहिलं की लाटांचा आवाज येतो, ती पोरं आणखी कुठे जाणार? आंबोलीला?

मी नेदरलँड्समध्ये, अलमेरला राहतो. आमचं घर समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. शंभर वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरावरून बोटी जात असणार. शाळेच्या वाटेवर दोन कालवे लागतात, एकालाही कठडा नाही. त्यामुळे लेक पाच वर्षांची झाली तसं तिचं नाव पोहायच्या वर्गात घातलं. ए डिप्लोमाच्या, म्हणजे पोहण्याच्या पहिल्या परीक्षेच्या, दिवशी सगळी पोरं टीशर्ट, चड्डी आणि बूट घालून काठावर रांगेत उभी होती. पाण्यात पडणारा माणूस कपडे बदलून थोडाच पडतो? तशीच बुटांसकट उडी मारायची, आणि नंतर पाण्याखालून, सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघायचं.

आमची लेक उडीच्या आधी हसत होती. धीर आणायला हसतात तशी नव्हे, आजोळी पोचल्यावर रिक्षा थांबायच्या आतच पोरं उतरायला बघतात तशी. ती ताडपत्रीआड गेली आणि इकडे काचेमागे माझा श्वास अडकला. तीन सेकंद असतील, फार तर चार. वर आल्यावर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या मुलाला सांगत होती, खाली डोळे उघडे ठेव, मजा येते.

तिचं हे सगळ्याच बाबतीत आहे. नवं ताट, नवी शाळा, नवा कुत्रा, आधी हात पुढे. मला त्याचा इतका आनंद होतो की कधीकधी लपवावा लागतो. इथल्या पालकांना त्यात काही विशेष वाटत नाही.

तर, सभेत २०१७चा विषय निघाला. निघणारच. त्या एप्रिलात मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले ८ जण बुडाले. अजूनही त्या बाजूला गेलं की आपोआप आवाज खाली येतो. पण त्यावरून पोरांना पाण्यापासून लांब ठेवा, हा निष्कर्ष कसा निघतो? नेदरलँड्समध्ये १९५३च्या पुरात एका रात्रीत समुद्र आत शिरला, १,८३६ माणसं गेली. इथल्या लोकांनी बंधारे उंच केले आणि पोरांना पोहायला घातलं. आपण काय करतो? किनाऱ्यावर एक पाटी लावतो, तीही मीठवाऱ्याने दोन पावसाळ्यांत वाचेनाशी होते.

बरं, आपल्याला दर्या कळत नाही असंही नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांखाली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, पाण्याला ओढ कुठे, हे म्हातारे बसल्या जागी सांगतात. लाटांनी काठावर आणलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोराने मागे फिरतं. त्यात सापडलात तर काठाकडे झुंजायचं नाही, काठाला समांतर जात पट्ट्याबाहेर पडायचं. एवढं शाळेत सांगायला काय हरकत आहे? डिसेंबरात मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा भरतात, लांबलांबून मुलं येतात. आमच्या गावची मुलं टाळ्या वाजवायला जातात.

हे सगळं मी वहिनीला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजी, गाबितांच्या पोरांक पवाक कोणी शिकवला?"

मी गप्प.

कारण 'आमच्या गावची मुलं' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त आमची वाडी होती. गाबितवाड्यातली, म्हणजे मच्छीमारांची, पोरं माझ्या वर्गात होती. ती होडीवरून सूर मारायची, केसांत मीठ घेऊन शाळेत यायची आणि त्यावरून मास्तरांचा मार खायची. आमच्या घरात पाण्यात उतरणं हे 'त्यांचं' काम होतं. भीतीचं नाव पुढे करायचे, पण ती निव्वळ भीती नव्हती. आये म्हणायची, "दर्याक पाठ दाखवची नाय." मी इतका आज्ञाधारक की पाठ दाखवायची वेळच येऊ दिली नाही. घरापासून किनारा चालत पाच मिनिटांवर, आणि मला आजही पोहता येत नाही. अलमेरला मोठ्यांचेही वर्ग असतात. मी दोनदा अर्ज भरला आणि दोनदा पाठवला नाही.

आणि वहिनीला न सांगितलेली गोष्ट अशी की इथेही सगळं आलबेल नाही. शाळेतून पोहणं सक्तीचं होतं ते १९८५मध्येच संपलं. आता पैसे आपले आणि खोळंबाही आपला. लेकीचा नंबर यायला आठ महिने लागले. तिच्या वर्गात दोघांकडे डिप्लोमा नाही, दोघांचेही आईबाप माझ्यासारखेच बाहेरून आलेले. फोनवर बोलताना मात्र मी सगळा हॉलंड खिशात घेऊन बोलत होतो.

गेल्या नाताळच्या सुट्टीत गावी होतो. एका सकाळी लेक उठली आणि सरळ किनाऱ्यावर गेली. मी टॉवेल घेऊन मागे. रापणीचं मोठं जाळं दर्यातून काठावर ओढत होते. दोन्ही दोरांवर माणसं, बायकाही. तिने कुणाला काही विचारलं नाही. एका काकींच्या मागे मोकळी जागा होती, तिथे जाऊन दोर धरला. काकींनी मागे वळून बघितलं आणि हात थोडे पुढे सरकवले, बस. अर्धा तास ओढत होती. मला पोटात कसंतरी झालं. अठरा वर्षं त्या गावात काढली आणि तो दोर मी हातात धरलेला नाही.

जाळं वर आल्यावर ओढणाऱ्यांना थोडी थोडी मासळी मिळाली, तशी तिलाही. टोपीत तारल्या आणि दोन बांगडे घेऊन ती घरी आली, हाताला फोड आलेले. आयेने टोपीत डोकावून बघितलं. "ह्यां कोणी दिल्यान?"

"माझा वाटा आहे," लेक म्हणाली.

आये काही बोलली नाही. विळी घेतली, मासळी साफ करायला बसली. लेक शेजारी बसून कल्ल्यांत बोट घालत होती. मध्येच म्हणाली, उद्या पोहायचं आहे, पाणी कधी वर येणार? मी मोबाइल शोधायला लागलो.

आयेने खवलं लागलेली बोटं मोजली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. "उद्या षष्ठी. साडेचारांक भरती," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मी येतंय तिच्यावांगडा. तू टॉवेल धर."