नॅनोकणांचे इंजेक्शन आणि कॉक्लिअर इम्प्लांट लांबवण्याचा सल्ला

‘नॅनोकणांच्या एका इंजेक्शनने जन्मजात बहिरेपणा बरा होतो, चीनमधली मुले ऐकू लागली आहेत, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटची घाई करू नका,’ असा संदेश पालकांमध्ये फिरतो आहे. नॅनोकण म्हणजे औषध किंवा जनुक वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, तर कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवले जाणारे, श्रवणतंतूला विद्युत संकेत देणारे उपकरण. त्या संदेशातील एक गोष्ट खरी असल्यामुळे बाकीच्या गोष्टींवरही सहज विश्वास बसतो.

मुले ऐकू लागली, हे खरे आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयातील चाचणीत सहापैकी पाच मुलांची श्रवणक्षमता सुधारल्याचे जानेवारी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यांच्या कानात जनुक पोहोचवले ते नॅनोकणांनी नव्हे, तर एएव्ही या विषाणूच्या कवचाने. त्या कवचात जनुकाची सुमारे ४,७०० अक्षरे मावतात आणि या मुलांमध्ये सदोष असलेल्या, ओटोफर्लिन हे ऐकण्यासाठी आवश्यक प्रथिन बनवणाऱ्या जनुकाची लांबी सुमारे ६,००० अक्षरांची असल्याने ते दोन तुकड्यांत पाठवावे लागले. मोठे जनुक एकसंध नेता यावे, ही नॅनोकणांकडून असलेली एक प्रमुख अपेक्षा आहे.

‘बहिरेपणा बरा होतो’ हे विधानही फार सैल आहे, कारण हा उपचार केवळ ओटोफर्लिनच्या दोषासाठी होता. भारतात अधिक आढळणारा जीजेबी२ जनुकातील दोष त्याने दूर होत नाही.

नॅनोकणांचे काम प्रामुख्याने प्राण्यांवर झाले आहे. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिपिड या मेदवर्गीय पदार्थाच्या साहाय्याने जनुक-संपादनाची (जनुकात बदल करणारी) सामग्री नवजात उंदरांच्या आंतरकर्णात सोडली असता त्यांचा वाढता श्रवणदोष मंदावला, पण ऐकणे पूर्ववत झाले नाही. शिवाय उंदराचा कान जन्मानंतर सुमारे बारा दिवसांनी ऐकू लागतो, तर माणसाचा जन्मापूर्वीच. त्यामुळे तो निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही.

सर्वांत घातक आहे तो थांबण्याचा सल्ला. पहिल्या काही वर्षांत मेंदूपर्यंत आवाज पोहोचला नाही, तर पुढे बोली भाषा आत्मसात करणे फार अवघड होते आणि ती वर्षे कोणत्याही इंजेक्शनने परत मिळत नाहीत. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतील मोफत इम्प्लांटलाही वयाची मर्यादा आहे. मुंबईतील अली यावर जंग ही श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था त्या कामाचा समन्वय करते. एका कानात इम्प्लांट बसवले, तरी दुसरा कान भावी उपचारासाठी शिल्लक राहतो. म्हणून बेरा चाचणी (आवाजाला श्रवणमार्ग आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) आणि शक्य असल्यास जनुकीय तपासणी लगेच करून घ्यावी, आणि इम्प्लांटचा निर्णय त्या अहवालांवरून कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून घ्यावा.