पहाटे तीनचा ब्रेकियल प्लेक्सस

ॲनाटॉमीच्या व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री मी शहाण्यासारखा साडेदहालाच आडवा झालो. नाईट मारायची नाही, ठरवलंच होतं. तीनला टक्क जागा. डोक्यात ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं, सुरू: रूट्स, ट्रंक्स, डिव्हिजन्स... कॉर्ड्सपाशी अडकलो की परत पहिल्यापासून. सहाला कधीतरी डोळा लागला, आठला उठलो तर अंग नुसतं आंबलेलं. तास मोजले तर साडेसहा भरत होते!

म्हणून मेडिकलच्या पोरांना कुणी "वेळेवर झोपत जा रे" म्हटलं की माझी सटकते. वेळ नसणं हे अर्धंच दुखणं. मिळालेल्या वेळात झोप येत नाही, त्याचं काय?

झोपेची प्रत मोजायला पीएसक्यूआय नावाची प्रश्नावली वापरतात, १९८९ सालची. सात घटक, ० ते २१ गुण, पाचाच्या वर गेलात की झोप बिघडलेली. त्या सातांत तासांचा घटक एकच. बाकीचे म्हणजे झोप लागायला किती वेळ गेला, मध्ये किती जाग आली, गोळी लागते का, दिवसा पेंग येते का, असे. मी साडेसहा तास झोपूनही नापासच झालो असतो.

कारण आम्ही फिजिओलॉजीत मार्कांसाठी लिहिलेलंच आहे. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तळाला जायला हवं. मनावर ताण असला की शरीर पहारा सोडत नाही. झोप उथळ होते, वाचलेलं नीट मुरत नाही, मग दुसऱ्या दिवशी आठवत नाही म्हणून आणखी ताण. त्यावर संध्याकाळची कॉफी. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तेही पाठ असतं सगळ्यांना.

आमच्याकडे यावर उपाय म्हणून झोपेवर व्याख्यान ठेवलं होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, हजेरी सक्तीची. (मागच्या दोन रांगा गाढ झोपल्या होत्या. तेवढाच फायदा.) वेळापत्रक आदल्या रात्री बदलू नका, वॉर्डात पेशंटसमोर पोरांची अब्रू काढू नका, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

आता मी ज्युनियर्सना तास विचारत नाही. तीनला जाग आल्यावर डोक्यात काय फिरतं, ते विचारतो. परवा एकीने सांगितलं, राउंडला सगळ्यांसमोर विचारलेला एक प्रश्न, तीन आठवड्यांपूर्वीचा. उत्तर तिला येत होतं.