घोड्यांच्या मासिकात आधी घोडा हवा

माझ्या लेकीच्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर एक पान चिकटवलेलं आहे. मुलांसाठीच्या घोड्यांच्या मासिकातलं. त्यावर एकाच घोड्याचे सहा फोटो आहेत, नुसत्या डोक्याचे, आणि सहाही फोटोंत फरक एवढाच की कान वेगवेगळे आहेत. एकात दोन्ही टवकारलेले. एकात एक पुढे, एक मागे. एकात दोन्ही सैल, बाजूला पडलेले. शेवटच्या फोटोत कान मागे जाऊन मानेला चपटे चिकटलेत आणि नाकपुड्यांभोवती सुरकुत्या आल्यात. पानाचे कोपरे दुमडले, चिकटपट्टी पिवळी पडली. त्या भिंतीवरची बाकीची चित्रं दोन वर्षांत कितीदा बदलली, हे पान मात्र हललेलं नाही.

या पानाची एक गोष्ट सांगायची आहे, म्हणूनच लिहायला बसले.

ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी रायडिंगच्या वर्गाला तिच्या वाट्याला एक शांत घोडी आली होती. लहान मुलांना हीच देतात, इतकी गरीब. तबेल्यातले काका खोगीर चढवून तंग, म्हणजे त्याचा पोटाखालचा पट्टा, आवळायला लागले तशी घोडीने कान मागे टाकले आणि शेपटी एकदा जोरात झटकली. बाकी काही नाही. ना लाथ, ना चावणं. लेक म्हणाली, "काका, थांबा ना, तिला दुखतंय." तिला उत्तर मिळालं, "अगं, हिची सवयच आहे ती." ती ऐकेना. "आधी नव्हती सवय, मागच्या आठवड्यात कान पुढे होते," एवढंच म्हणत राहिली. शेवटी तंग सोडून बघितलं, तर पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे, जिथे पट्टा घासतो नेमक्या तिथे, नाण्याएवढी जागा सोलवटून लाल झाली होती. वरचे केस गेलेले. त्या दिवशी घोडीला सुट्टी मिळाली, लेकीला घोड्यावर बसायला मिळालं नाही, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

हे तिला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. वर्गात टाच खाली, पाठ ताठ, नजर समोर एवढंच चालू असतं, आणि एकेका मुलाला मिळणाऱ्या वेळात तेवढंच होऊ शकतं. कान वाचायला तिला त्या पानाने शिकवलं.

म्हणूनच मुलांची घोड्यांची मासिकं मी फार गांभीर्याने घेते, आणि म्हणूनच त्यांच्यावर मनापासून रागावतेही. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात अशा मासिकांचा मोठा गठ्ठा साठला. काही वर्गणीतून आलेले, काही जुने, काही दुसऱ्या मुलांनी वाचून दिलेले. परवा सगळे अंक जमिनीवर पसरून बसले. मधलं मोठं पोस्टर, चकचकीत स्टिकर, 'तू कुठल्या स्वभावाची पोनी?' छापाची कोडी, घोड्याच्या कपड्यांची आणि स्वाराच्या कपड्यांची खरेदी. हे सगळं काढून ठेवल्यावर कितीतरी अंकांत घोडा उरतच नव्हता. उरत होती एक गोंडस आयाळ.

पोस्टरशी माझं भांडण नाही. प्रेमात पडलेल्या मुलाला भिंतीवर लावायला चित्र लागतंच, आणि बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. माझं म्हणणं इतकंच आहे की त्या प्रेमाला पुढची पायरी द्या. ज्या मुलाला घोडा एवढा आवडतो त्याला घोड्याबद्दलचं काहीही द्या, ते वाचतं. कितीही अवघड असो. घोड्याचं पोट त्याच्या शरीराच्या मानाने लहान असतं, तो दिवसातले बरेच तास थोडं थोडं चरत राहण्यासाठी बनलाय, आणि त्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतू शकते. एवढं एकदा वाचलं की मूल घोड्याला वाटेल ते चारत नाही. पाटी लावून जे होत नाही ते कारण सांगून होतं.

आणि घोडा हा विषय केवढा श्रीमंत आहे! त्याच्या दृष्टीचंच घ्या. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. पण अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका, आणि म्हणूनच कपाळावर एकदम हात नेऊ नका, आधी मानेवर ठेवा. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा आणि पिवळा ओळखू येतो, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळून जातात. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत अडथळ्यांना खुणेसाठी नारिंगी रंग द्यायची पद्धत होती. माणसाला तो लांबून झळकतो. घोड्याला तो आजूबाजूच्या हिरव्यातून धड वेगळा दिसत नाही हे संशोधनातून पुढे आलं आणि २०२२ पासून तिथे पांढरा रंग द्यायला सुरुवात झाली. म्हणजे घोड्यांच्याच खेळात, घोड्यांवर आयुष्य काढलेल्या माणसांनी इतकी वर्षं माणसाच्या डोळ्याने अडथळे रंगवले. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा. आमच्याकडे त्यानंतर आठवडाभर घरातली प्रत्येक वस्तू 'घोड्याला कशी दिसेल' हे चाललं होतं.

किंवा चाली घ्या. साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, कँटर म्हणजे मध्यम वेगाची दौड तीन ठोक्यांची, आणि भरधाव सुटला की पुन्हा चार. एका अंकात हे ठोके टिंबांनी छापले होते. लेक टेबलावर बोटांनी वाजवत बसायची आणि मला डोळे मिटून ओळखायला लावायची. त्याच अंकात मायब्रिज या छायाचित्रकाराचे १८७८ चे फोटो होते. धावत्या घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, या प्रश्नाचा निकाल कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून लावला गेला. सुटतात. पण चित्रकार रंगवत आले होते तसे पुढचे पुढे आणि मागचे मागे ताणलेले असताना नव्हे, तर पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. हजारो वर्षं माणूस घोड्यासोबत राहिला आणि तो पळतो कसा हे त्याला नीट दिसलं नव्हतं! लेकीने ते वाचून आपलं जुनं चित्र काढलं आणि पाय खोडून पुन्हा काढले.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडला तो हान्सवरचा लेख. बर्लिनमधला हा घोडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजत होता. गणित घातलं की खूर आपटून बरोबर उत्तर देतो अशी ख्याती होती. त्याच्या मालकाने, एका निवृत्त गणिताच्या शिक्षकाने, त्याला वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि लबाडी काहीच नव्हती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा हान्सला तो दिसत नसेल, तर हान्स चुकतो. घोडा आकडे मोजत नव्हता, तो माणूस वाचत होता. बरोबर आकड्याला खूर पोचला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यातला, मानेतला ताण नकळत सैल व्हायचा, आणि त्या माणसाला स्वतःलाही न कळलेली ती हालचाल घोड्याला कळायची. पुष्कळांना हे वाचून घोडा हुशार नव्हता असं वाटतं. लेक म्हणाली, "आई, म्हणजे मी घाबरलेय हे मला कळायच्या आधी त्याला कळतं." त्यानंतर ती घोड्यावर चढण्याआधी रिकिबीला, पाय ठेवायच्या कडीला, हात लावून एक मोठा श्वास सोडते. अजूनही.

एक गोष्ट मुखपृष्ठांबद्दल. माझा भाचाही घोड्यांचा वेडा आहे. तो आमच्याकडचे अंक वाचायला नेतो आणि घरी जाताना मुखपृष्ठ आत दुमडून, मागची बाजू वर करून नेतो. गुलाबी रंग, चमकी, 'घोडेवेड्या मुलींसाठी' असं मोठ्या अक्षरांत. अकरा वर्षांच्या मुलाने काय करावं? हा असा खेळ आहे जिथे ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांसमोर उतरतात. एकेकाळी तो लष्करी अधिकाऱ्यांचा मानला जायचा, स्त्रियांना दार बंद होतं. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, ते दार उघडलं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी तिथेच रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्यांखालचे पाय लुळे होते, घोड्यावर चढा-उतरायलाही मदत लागायची. एवढा दरवाजा उघडायला इतकी वर्षं लागलेली असताना आपण आता दुसऱ्या बाजूने मुलग्यांच्या तोंडावर तो लावून घ्यायचा, हे मला फार खटकतं.

याच भाच्याने एका अंकातला छोटा तक्ता कापून खिशात ठेवला होता. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, विश्रांतीतले नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला लागते, अंगठा न वापरता बोटांनी बघायची. दोघं मुलं एका म्हाताऱ्या घोड्याच्या जबड्याखाली बोटं धरून किती वेळ उभी होती! घोडा डोळे अर्धे मिटून उभा. भाचा पुटपुटत मोजत होता, लेक घड्याळ बघत होती. "छत्तीस!" असं तो ज्या आवाजात ओरडला तो आवाज माझ्या कानात आहे. या दोघांपैकी कुणाकडेही स्वतःचा घोडा नाही, आणि कधी असेल असंही नाही. अशी मासिकं वाचणाऱ्या पुष्कळ मुलांची हीच गत आहे. त्यांना आठवड्यातून एखादा तास मिळतो, काहींना तोही नाही. अशा मुलाला खरेदीची पानं दिली की त्याच्याकडे काय नाही तेवढंच त्याला कळतं. नाडी मोजायला शिकवलं की जो घोडा समोर येईल तो थोडा त्याचा होतो.

फोटोंबाबत मात्र मी अजिबात ऐकून घेणार नाही. केस मोकळे सोडून, हेल्मेटशिवाय, साध्या चपलेत घोड्यावर बसलेल्या मुलीचा सूर्यास्तातला फोटो मुलांच्या मासिकात छापू नये. टाच असलेला बूट का, तर पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकू नये म्हणून. लगामाची दोरी हाताला का गुंडाळायची नाही, तर घोडा बुजला तर हात सुटला पाहिजे म्हणून. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदलायचं. लेखात हे सगळं लिहायचं आणि शेजारच्या पानावर उलटं दाखवायचं, तर मूल लेख विसरतं आणि फोटो लक्षात ठेवतं.

मोबाईलवर घोड्यांचे इतके व्हिडिओ असताना मासिक कशाला, असं मला विचारतात. व्हिडिओत उडी दिसते. उडीआधीचा खरारा, खूर साफ करणं, पाणी भरणं दिसत नाही, कारण ते बघायला कुणी थांबत नाही. छापलेला फोटो हलत नाही. त्यातले कान कितीही वेळ बघता येतात. मला एवढं कारण पुरतं.

आता ज्यासाठी जीव तुटतो ते. या सगळ्या गठ्ठ्यात शिंगरं ढीगभर आहेत. अकरा महिने पोटात असतात, जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभी राहतात, सगळं आलंय, फार सुंदर आलंय. म्हातारा घोडा मात्र एकाही अंकात मला सापडला नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. त्याच्यावर बसता येईल, त्याला स्पर्धेत पळवता येईल अशी वर्षं त्याच्या बरीच आधी संपतात. उरलेल्या वर्षांचं काय? दात झिजतात, चारा चावता येत नाही, सांधे आखडतात, त्याला सांभाळायला तेवढाच खर्च येतो आणि तो कुणाला काही 'कामाचा' नसतो. कधी कधी त्याला शांतपणे जाऊ द्यायचा निर्णय घ्यावा लागतो. हे मुलांना सांगायला आपण घाबरतो. पण मुलांना ते दिसतंच. एक दिवस तबेल्यातला एक गाळा रिकामा असतो, पाटी काढलेली असते, आणि मोठी माणसं विषय बदलतात.

ज्याची नाडी छत्तीस भरली होती, त्याचा गाळा असाच रिकामा झाला. लेकीला सांगण्यात आलं, "तो मोठ्या कुरणात गेला." तिने मान हलवली. घरी येऊन मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं, वहीच्या पानावर, खाडाखोड करून, मग पुन्हा स्वच्छ अक्षरात. मला वाचायला दिलं म्हणून ठाऊक आहे. "म्हातारे झालेले घोडे खरंच कुठे जातात? मी दहा वर्षांची आहे. मला खरं चालेल."

पत्राला तीन महिने झाले. मधल्या तीन अंकांत ते आलेलं नाही. मी संपादकांवर चिडलेली नाही. उत्तर लिहिणं सोपं नाही हे मलाही कळतं, मी स्वतः ते अजून नीट देऊ शकलेले नाही. पण ज्यांनी तिला कान वाचायला शिकवले त्यांच्याकडून तिला उत्तर हवंय. नवा अंक आला की ती पोस्टर बाजूला ठेवते, स्टिकर भावासाठी काढून ठेवते आणि सरळ पत्रांचं पान उघडते.