बारावी सही

परवा संध्याकाळपासून मी एका तंबाखू मळणाऱ्या काकांवर डूख धरून आहे. त्यांची चूक काहीच नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण मोबाइल घेऊन ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथे ठेवायची. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये एका माणसाने बादली लपवून या खेळाची सुरुवात केली. बादलीत बीन्सचा एक डबाही होता. "एवढ्यासाठी उपग्रह सोडले?" असं आमच्या सासूबाई विचारतात. उत्तर माझ्याकडे नाही.

नवी डबी सगळ्यांत आधी शोधून कोऱ्या कागदावर पहिली सही करणं, हा या खेळातला मोठा मान. तो मला एकदा तरी हवा होता.

ही डबी कोड्याची होती. अक्षांश-रेखांशांतले आकडे गाळलेले, आणि ते भरायचे ठाण्याच्या किल्ल्याच्या इतिहासातून. मराठ्यांनी किल्ला घेतला त्या सालातला शेवटचा आकडा हवा होता. शाळेत डोक्यात बसलेलं समीकरण असं, की चिमाजी अप्पा म्हणजे वसई आणि वसई म्हणजे १७३९. मी बेधडक ९ लिहिला. ठाणं त्याच मोहिमेत पण आधी, १७३७ मध्येच हाती आलं होतं. फरक अवघा दोनाचा, पण तो पडला मिनिटाच्या पहिल्या दशांश स्थळी. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर, म्हणजे मी उत्तरेला ३७० मीटर भरकटले. तीन रविवार एका सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपांमागे वाकून शोधत होते. तिसऱ्या रविवारी वॉचमनने विचारलं, "मॅडम, ओला-सुका बघायला आलात का?"

या किल्ल्याचं नशीबच तसलं. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत मराठ्यांनी घेतला. २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी तो हल्ला करून जिंकला, त्यांचा कमोडोर वॉटसन या लढाईत कामी आला. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी बेट, म्हणजे ठाणंही, त्यांच्याकडेच राहिलं. पुढे त्यांनी किल्ल्याचा तुरुंग केला, तो अजून तुरुंगच आहे. रायगडाला रोपवे आहे, ठाण्याचा किल्ला आतून बघायचा तर आधी गुन्हा करावा लागतो.

खरं तर ठाण्यातलं सर्वांत झकास कोडं याच तुरुंगात घातलं गेलं. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे आत, पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. असं सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणायचा आणि पळून जायचा बेत त्या गाण्यात गुंफलेला असायचा. गोऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी पसार! हे असलं कोडं द्यायचं सोडून आमच्या कोडेकाराने काय दिलं? अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना इथे फाशी दिली, त्या तारखेतल्या आकड्यांची बेरीज. १९ एप्रिल १९१०. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. मुलांच्या फाशीची बेरीज करून रेखांश काढायचा, हे मला अजिबात आवडलेलं नाही. बेरीज केली मात्र.

तर परवा, ७ आकडा घालून, मी टेंभी नाक्याजवळच्या एका फुटपाथवर पोचले. कडेला लोखंडी रेलिंग, त्याला टेकून कट्टा, कट्ट्यावर पांढऱ्या टोपीतले काका. मी रेलिंगच्या पाइपांत बोटं घालू लागले.

"कानातलं पडलं?" काका.

"नाही."

त्यांनी माझे दोन्ही कान तपासले. "मग नाकातलं?"

खेळाचा नियम असा, की परक्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. मी गप्प राहिले. त्याचा अर्थ, ऐवज मोठा आहे. काकांनी शेजारच्या भाजीवालीला हाक मारली. तिने टोपली सरकवून खाली पाहिलं. क्लासला निघालेला एक मुलगा मोबाइलचा टॉर्च लावून ओणवा झाला. "किती ग्रॅमचं होतं?" भाजीवालीने विचारलं. तो मुलगा तर सापडल्याशिवाय उठेल असं वाटेना. शेवटी मी म्हणाले, "काही हरवलेलं नाही हो. मी फुटपाथचा सर्व्हे करतेय."

हे बोलायला नको होतं.

"आलात का एकदाचे!" काका उठूनच उभे राहिले. पुढची दहा मिनिटं मला पेव्हर ब्लॉक दाखवण्यात आले. हा हलतो, हा बुडतो, या इथे आमची हिची पावलं मुरगळली, हे झाकण श्रावणात गेलं ते अजून आलं नाही. मी मोबाइलवर नोंद घेतल्यासारखं करत होते. मधे मधे रेलिंग चाचपत होते. त्यांनी माझा नंबर मागितला, मी दिला. माणूस खोट्यात शिरला की शिष्टाचार पाळतो.

"पण आमच्या सह्या पोचल्या का?"

"कसल्या सह्या?"

"अहो, तुमचाच कागद की! पंधरा दिवस झाले. इथे हात टेकला तर पाइपात डबी. आत सुरळी केलेला कागद, वर नुसत्या रेघा. म्हटलं, सह्यांची मोहीम दिसतेय. मी केली, आमच्या कट्ट्यावर सगळ्यांच्या घेतल्या. अकरा झाल्या!"

त्यांनी पाकिटातून कागद काढला. पहिली सही त्यांचीच, वेलांटीदार, खाली दोन रेघा. बाजूला "मागणीस पाठिंबा". तिसऱ्याने "पाण्याचंही बघा" अशी पुरवणी जोडलेली.

"आणि डबी?"

काकांनी सदऱ्याच्या खिशातून डबी काढली. फोटोच्या रिळाची, काळी, करड्या झाकणाची. झाकण उघडून नखाने चुना घेतला, तळहातावरच्या तंबाखूत मळला, दोनदा थाप दिली. "आता अशी डबी मिळते कुठे? झाकण काय घट्ट बसतं!"

एक महिना. सालबाईचा तह. तीन रविवारचा ओला कचरा. आणि पहिला मान कुणाला, तर चुना ठेवायला जागा हवी होती त्यांना.

"मलाही सही करायची होती," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

"करा की! जनतेचंच काम आहे." त्यांनी पेन दिलं. पुढची बाजू भरलेली होती, म्हणून मी मागच्या बाजूला केली. बारावी. कागद त्यांनी माझ्याकडे सोपवला, वर पोचवायला. डबी परत मागायचा धीर झाला नाही. आत चुना होता.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे बारावी पास." दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आज सकाळी सात वाजता फोन. "ताई, मी कट्ट्यावरचा काका. त्या झाकणाचं काय झालं?"