फेसबुकच्या भिंतीवर ‘मी परवानगी देत नाही’ लिहून काय होतं?

‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम लागू होतोय. माझे फोटो, माहिती, मेसेज वापरायला मी परवानगी देत नाही. रोम कायदा आणि यूसीसी १-३०८ नुसार हा गुन्हा आहे. ही नोटीस न टाकल्यास तुमची संमती गृहीत धरली जाईल. कॉपी-पेस्ट करा, शेअर करू नका.’ थोड्याफार फरकाने हा मजकूर २०१२ पासून तरी फिरतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ‘गुडबाय मेटा एआय’ (मेटा म्हणजे फेसबुकची मालक कंपनी) म्हणून नव्याने उगवला आणि नामवंत नट-खेळाडूंनीही स्टोरीला लावला. तेव्हा एकेक दावा तपासूच.

‘उद्यापासून’ म्हणजे कधी? तारीख कुठेच नाही, त्यामुळे हा उद्या दरवर्षी नव्याने उजाडतो.

रोम कायद्याचं नाव वाचून मात्र माणूस दबतो. करार खराखुरा आहे. १९९८ साली रोममध्ये तो मंजूर झाला, २००२ पासून अमलात आला आणि त्यातूनच हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. तिथे खटले चालतात वंशसंहाराचे, युद्धगुन्ह्यांचे, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे, आक्रमणाचे. तेही माणसांवर; कंपनीला आरोपी करायची सोयच त्या करारात नाही. सहलीच्या फोटोंसाठी तिथे दाद मागणार असाल तर शुभेच्छा. यूसीसी १-३०८ हे अमेरिकेच्या व्यापारी कायद्यातलं कलम. करार पाळताना ‘माझे हक्क राखून’ असं कसं बजावता येतं, एवढंच त्यात आहे. खासगीपणाचा त्यात उल्लेखही नाही.

जुन्या आवृत्त्यांत आणखी एक कारण असे: कंपनी शेअर बाजारात उतरली, म्हणून नोटीस हवी. फेसबुक मे २०१२ मध्ये बाजारात आली हे खरं. पण त्यामुळे भागधारक बदलले, तुमच्याशी झालेला करार नाही.

‘माझे फोटो माझे आहेत.’ अहो, आहेतच! फेसबुकच्या अटींतही तेच लिहिलंय. गोम त्याच्या पुढे आहे: फोटो टाकताना तुम्ही कंपनीला तो वापरायचा, साठवायचा, दाखवायचा जगभराचा परवाना देता, तोही फुकट आणि पुढे इतरांना देता येईल असा. फोटो त्यांच्या यंत्रणेतून काढून टाकला की परवाना संपतो. भाडेकरारावर सही करून नंतर आपल्याच खोलीच्या दारावर ‘मला अटी मान्य नाहीत’ अशी पाटी लावली, तर घरमालक ती वाचायलाही येणार नाही. आणि नोटीस न टाकल्याने संमती गृहीत धरली जाईल? ती तर खातं उघडतानाच देऊन झालेली असते.

‘कॉपी करा, शेअर करू नका’ ही सूचना मला सर्वांत संशयास्पद वाटते. शेअर केलेली पोस्ट मुळाशी बांधलेली असते. मूळ उडालं की सगळीकडून उडते. कॉपी केलेली प्रत्येक पोस्ट स्वतंत्र, त्यामुळे अफवा मुळासकट उपटता येत नाही.

‘पण टाकलं तर बिघडलं कुठे?’ बिघडतं ते असं, की नोटीस टाकून माणूस निर्धास्त होतो आणि सेटिंग्ज उघडतच नाही. पोस्ट कोणाला दिसतात, जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम मित्रांपुरत्या कशा करायच्या, कोणत्या अ‍ॅपना आपण आत घेतलंय, हे सगळं तिथे आहे. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात प्रश्नमंजुषेचं एक अ‍ॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं होतं. फेसबुकच्याच अंदाजानुसार माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण त्या अ‍ॅपला मित्रयादीतही शिरता येत होतं. त्या मित्रांनी भिंतीवर कितीही नोटिसा चिकटवल्या असत्या तरी फरक पडला नसता.

राहता राहिलं एआय. इथली भीती मात्र खोटी नाही. सप्टेंबर २०२४ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीपुढे मेटाने मान्य केलं, की प्रौढांच्या २००७ पासूनच्या सार्वजनिक पोस्ट आणि फोटो, ते स्वतःहून खासगी केलेले नसतील तर, एआयच्या प्रशिक्षणासाठी घेतले गेले. युरोपीय संघातल्या लोकांना कंपनीने हरकतीचा फॉर्म दिला, ऑस्ट्रेलियन लोकांना नाही. असं का, तर युरोपातला कायदा तसं करायला लावतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.