लातूरलाही पडदा लावा की!

स्वतंत्र ॲनिमेटर, म्हणजे चित्रं हलती करणारे कलाकार, सणाला एकमेकांना स्वतः काढलेली हलती शुभेच्छापत्रं पाठवतात, हे तुमच्या लेखात वाचून बरं वाटलं. पणतीची ज्योत हलवायला काय लागतं, असं लोकांना वाटतं. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी ५ सेकंदांची ६० होतात! आमच्या फॅमिली ग्रुपवर तीच ती चकाकणारी लक्ष्मी सगळ्यांकडून फिरून येते, तिचं काय बोलावं.

एक भर घालतो. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. १८९२ साली याच तारखेला फ्रेंच कलाकार एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेवँ संग्रहालयात हाताने रंगवलेली हलती चित्रं पडद्यावर लोकांना दाखवली. म्हणजे बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागेच येतो हा दिवस. मग ॲनिमेशन लघुपटांचे खेळ फक्त पुण्या-मुंबईत का? लातूर, परभणी, नांदेडची शिकायला बाहेर गेलेली पोरं तेव्हा गावाकडंच असतात. शाळेचा हॉल, प्रोजेक्टर, पांढरी चादर, एवढ्यावर भागतं. लाईट जाते, तेवढा इन्व्हर्टर बघून ठेवायचा. अन् 'कार्टून म्हणजे लेकरांचं' म्हणणाऱ्या काकांना पहिल्या रांगेत बसवायचं.

अशा खेळासाठी भाऊबीजेनंतरचा रविवार धरणार असाल तर लातुरात हॉल बघायचं काम माझ्याकडं.