विल्यम जेम्स खरंच ‘धर्माच्या नादी लागला’ का?

नमस्कार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की मानसशास्त्रात संत आणि कादंबऱ्या घुसडून मी बुवाबाजीला खतपाणी घालतोय, आणि जेम्सही उतारवयात धर्माच्या नादी लागून वाया गेला. पहिला आरोप मनाला लागला. ज्या पुण्यात २०१३ साली ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तिथेच बसून मी लिहितो.

दुसऱ्या आरोपाचं म्हणाल, तर जेम्स १८६९ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाला. १८९० साली आलेल्या त्याच्या मानसशास्त्राच्या दोन जाडजूड खंडांत सुरुवातीलाच मेंदूचं काम येतं. १९०१-०२ मध्ये एडिंबरोत धार्मिक अनुभवांवर व्याख्यानं देणारा माणूस तोच. त्यांत एका फ्रेंच माणसाची हकिगत आहे. तिन्हीसांजेला खोलीत शिरताना त्याला एकाएकी भीतीनं घेरलं, आणि वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला, गुडघे पोटाशी घेऊन बाकावर बसलेला हिरवट कातडीचा तरुण डोळ्यांपुढे आला. आपलंही असंच होऊ शकतं! पुढे जेम्सनं या व्याख्यानांच्या अनुवादकाजवळ कबूल केलं, की तो फ्रेंच माणूस म्हणजे आपणच. हेन्री जेम्ससारखा कादंबरीकार ज्याचा भाऊ, त्यालाही ही भीती सांगायला गोष्टच लागली. नाडीचे ठोके मोजून ती कुणाला कळली नसती.

बाबा गेल्यावर आईची झोप उडाली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, मीच त्या मोजून द्यायचो. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामी आली, तेव्हा ती हट्टानं गेली आणि भेगाळलेल्या टाचांच्या एका वारकरी बाईचे पाय तेल लावून चोळत बसली. त्या रात्री ती सलग झोपली. गोळीनं झोपली की त्या पायांनी, मला सांगता येणार नाही, आणि विठोबा आहे हे त्यातून सिद्ध होतं असंही मी म्हणत नाही. पण मेंदूत काय घडलं हा एक प्रश्न आणि त्या अनुभवाचं तिच्या लेखी मोल काय हा दुसरा. जेम्सनं पहिल्याच व्याख्यानात ही फोड केली आहे. दुसरा प्रश्न विचारणं म्हणजे बुवाबाजी, हे मी कदापि मानणार नाही.

तुमचं एक मात्र मान्य. मृतांशी बोलते म्हणणाऱ्या लिओनोरा पायपरला जेम्सनं फारच सांभाळून घेतलं. लेखात ते यायलाच हवं होतं. आज रात्रीपर्यंत जोडतो.